शून्य पॉइंट एक टक्का

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं छोटंसं वर्कशॉप आहे. गॅस डिटेक्टर दुरुस्त करायचे, कॅलिब्रेट करून द्यायचे, एवढाच धंदा. तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे, तारापूर इथल्या कारखान्यांतून यंत्रं येतात. अलीकडे मोठ्या गृहसंकुलांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं (एसटीपी) चालवणारे आणि गटारसफाईचे कंत्राटदारही येतात. हातात मावेल एवढं यंत्र, रबराचं जाड कवच, मागे पट्ट्याला अडकवायचा चिमटा. चालू केलं की पडद्यावर चार आकडे उमटतात. ऑक्सिजन २०.९, एलईएल ०, कार्बन मोनॉक्साइड ०, हायड्रोजन सल्फाइड ०. आकडे ठळक असतात. त्यांची एककं मात्र कोपऱ्यात, इतक्या बारीक अक्षरांत, की मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. भर दुपारी मॅनहोलवर ओणवा झालेला सुपरवायझर ती वाचत असेल, यावर माझा विश्वास नाही.

वाचत नाहीच, हे त्यांनी भरलेली परमिटं पाहून कळतं. टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. कुठे त्याला व्हेसल एंट्री परमिट म्हणतात, कुठे कन्फाइन्ड स्पेसचं परमिट. मध्यंतरी एका कंत्राटदाराने यंत्रासोबत असा भरलेला फॉर्म चुकून बॅगेत पाठवला. छापील तक्ता होता. पहिल्या ओळीत ऑक्सिजन, पुढे ‘%’. ती खूण खाली तिन्ही ओळींत तशीच उतरली होती. फॉर्म टाइप करणाऱ्याने वरचं खाली ओढलं असणार. हायड्रोजन सल्फाइडच्या ओळीत ‘मर्यादा : १० % पेक्षा कमी’ असं छापलेलं होतं. त्याखाली सुपरवायझरची सही, सेफ्टीवाल्याची सही, कंत्राटदाराचा शिक्का. फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स होता, म्हणजे तो कितीतरी वेळा वापरला गेला असणार. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, दहा म्हणजे दहाच ना. मीटरवर पण दहालाच अलार्म आहे.”

मीटरवरचे दहा म्हणजे दहा पीपीएम. दहा लाख भाग हवेत दहा भाग वायू. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम, तेव्हा फॉर्मवरचे दहा टक्के झाले एक लाख पीपीएम. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हायड्रोजन सल्फाइडसाठी आठ तासांच्या सरासरीला १० पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी १५ पीपीएम अशी मर्यादा घालून दिली होती. सडक्या अंड्यांचा तो वास एक पीपीएमच्या कितीतरी खालीच नाकाला कळतो. शंभरच्या आसपास नाक बधिर होतं, वास ‘गेला’ असं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. पाचशे-सातशेला काही मिनिटांत शुद्ध जाते. हजारला एक-दोन श्वास पुरतात. आणि हजार पीपीएम टक्क्यांत लिहिले की होतात शून्य पॉइंट एक.

हा आकडा मी शिकवायला जाते तिथे फळ्यावर लिहिते आणि समोरच्यांना विचारते, ‘उतराल का?’ शून्य पॉइंट एक टक्का म्हटल्यावर बहुतेक माना हो म्हणून हलतात. त्याच फळ्यावर १००० पीपीएम लिहिलं की कुणी हलत नाही. वायू तोच, चेंबर तोच. माणसाचा जीव ज्या वायूमुळे जातो त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहिण्यावर सरळ बंदी हवी, असं माझं मत आहे. गणिताने दोन्ही सारखं आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझं पोट त्याच गणितावर चालतं.

पडद्यावरच्या दुसऱ्या आकड्याची गोष्ट आणखी वाकडी. एलईएल, म्हणजे वायू पेट घेऊ शकतो ती सर्वांत खालची मर्यादा. तिच्यापुढेही टक्क्याची खूण असते, पण तो टक्का निराळा. मिथेन हवेत साधारण पाच टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्या पाच टक्क्यांना शंभर धरून पुढचं मोजमाप. म्हणजे पडद्यावर १० दिसलं तर हवेत अर्धा टक्का मिथेन, पाच हजार पीपीएम. एकाच पडद्यावर दोन जातींचे टक्के आणि दोन ओळी पीपीएम, अशी ही मांडणी कुणी केली कोण जाणे. आज जगभर ती चालते, आणि मी एकटी ती बदलू शकत नाही.

या दोन टक्क्यांच्या गोंधळातून काय होतं, ते टेबलावर आलेल्या एका यंत्रात पाहिलं. कॅलिब्रेशनसाठी आम्ही मिश्रणाचा छोटा सिलिंडर वापरतो. त्याच्या लेबलवर साधारण असं असतं : मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, बाकी नायट्रोजन. मिथेनचे २.५ टक्के म्हणजे एलईएलचे ५०, त्यामुळे यंत्राला ‘हा वायू ५० आहे’ असं सांगावं लागतं. आधी ज्याने कुणी ते यंत्र हाताळलं होतं, त्याने लेबल पाहून थेट २.५ भरले होते. नवी यंत्रं अशा वेळी कुरकुरतात, जुनी निमूट ऐकतात. आता ते यंत्र मिथेन वीसपट कमी दाखवत होतं. मिथेन पाच टक्क्यांवर गेला, म्हणजे अख्खं चेंबर पेट घ्यायला तयार झालं, तरी पडद्यावर ५. अलार्म १० वर. वर कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, होलोग्रामसकट.

आणि ऑक्सिजन. साइटवर बहुतेक जण हा एकच आकडा वाचतात. ‘वीसच्या वर आहे ना, मग ठीक.’ अलार्म १९.५ ला असतो. २०.९ वरून १९.५, म्हणजे फक्त १.४ चा फरक, असं वाटतं. पण हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. बाहेरून दुसरा वायू घुसून त्याने हवा ढकलली असेल, तर ऑक्सिजन १.४ ने उतरायला जवळजवळ पावणेसात टक्के परका वायू आत यावा लागतो. सदुसष्ट हजार पीपीएम. तो नायट्रोजन असेल तर माणूस अजून उभा असेल. विषारी काही असेल तर अलार्म ऐकायला कुणी उरणार नाही. गटारात बरेचदा जिवाणूच ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तिथे हिशेब वेगळा होतो. आकडा २०.४ झाला तर साधारण पाच हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो, आणि नेहमीच्या फोर गॅस मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नसतो.

उलट बाजूने पाहा. हायड्रोजन सल्फाइड हजार पीपीएम झाला, तर त्याने ऑक्सिजन किती उतरेल? शून्य पॉइंट शून्य दोन. पडद्यावर दशांशानंतर एकच घर असतं. माणूस दोन श्वासांत कोसळेल आणि ऑक्सिजनचा आकडा २०.९ वरच उभा राहील.

जुने सफाई कामगार मीटर येण्याआधी झाकण उघडून झुरळं बघायचे. झुरळं पळतायत म्हणजे उतरायला हरकत नाही. कुणी कागद पेटवून टाकायचे, कुणी कंदील सोडायचे. ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. पण हायड्रोजन सल्फाइड हजार असला तरी ती आनंदाने जळते, आणि मिथेन असला तर सगळ्यांना घेऊन जाते. हाताने मैला साफ करण्यावरच्या २०१३ च्या कायद्याचे नियम आले तेव्हा संरक्षक साधनांच्या यादीत ‘चार वायूंचा गॅस मॉनिटर’ आला, हे चांगलंच झालं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, तेव्हापासून माझ्याकडे मीटरही जास्त यायला लागले. यंत्र विकत घेतलं जातं, त्याच्यावरचं वाचायला कुणी शिकवत नाही. एका वयस्क कामगाराने मला विचारलं होतं, “ताई, यातला झुरळाचा आकडा कुठला?” मी हायड्रोजन सल्फाइडच्या ओळीवर लाल पट्टी चिकटवून दिली. आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मीटरवर ती पट्टी असते, शेजारी मराठीत ‘पीपीएम – ५ दिसले की बाहेर’. माझ्या हिशेबाने दहापर्यंत वाट पाहायचं कारण नाही.

इथवर कामगारांचं झालं. आता तुमच्या-माझ्या नाकापाशी येते, कारण तिथेही हाच खेळ चालतो, फक्त एककं बदलतात.

वायू मोजायच्या दोन रीती आहेत. एक, रेणू मोजा : दहा लाखांत किती. दोन, वजन करा : एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम. पूर्वी हवा द्रावणातून बुडबुड्यांनी ओढून घेत, रंगाच्या छटेवरून वायूचं वजन काढत. धुळीला तर रेणू मोजायची सोयच नाही, ती तोलावीच लागते. म्हणून प्रदूषण मंडळांची भाषा वजनाची झाली आणि आमच्यासारख्या यंत्रवाल्यांची पीपीएमची. एकातून दुसऱ्यात जायचं तर एकच आकडा पाठ लागतो, २४.४५. पंचवीस अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४.४५ लिटर जागा व्यापतो. पीपीएमला रेणुभाराने गुणा, २४.४५ ने भागा, मिलिग्रॅम प्रति घनमीटर मिळतात. दहा पीपीएम अमोनिया म्हणजे ७ मिलिग्रॅम, दहा पीपीएम हायड्रोजन सल्फाइड १४, दहा पीपीएम क्लोरीन २९. अमोनियाचे सात आणि क्लोरीनचे एकोणतीस हे रेणूंच्या हिशेबात सारखेच. आणि हा २४.४५ सगळीकडे चालत नाही. शून्य अंशाला तो २२.४ होतो, महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा विरळ असल्याने तोच मोल अठ्ठावीस लिटरच्या पुढे पसरतो. पीपीएम मात्र वर-खाली, ऊन-थंडीत तोच राहतो. मला तो आवडतो तो यासाठी.

आता आपली राष्ट्रीय हवा-मानकं घ्या, नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेली. नायट्रोजन डायऑक्साइड चोवीस तासांना ८० मायक्रोग्रॅम. सल्फर डायऑक्साइड ८० मायक्रोग्रॅम. कार्बन मोनॉक्साइड आठ तासांना २, पण मिलिग्रॅम. आर्सेनिक ६ आणि निकेल २०, पण नॅनोग्रॅम. मानकं बनवणाऱ्यांचं यात काही चुकलं नाही. जो पदार्थ ज्या मात्रेत घातक, तसं एकक घेतलं. पण बातम्यांच्या पट्टीवर हे येतं तेव्हा एककं गळून पडतात. पीएम २.५ : ९८, लाल. सीओ : १.८, हिरवा. पाहणाऱ्याला वाटतं, कार्बन मोनॉक्साइड नावालाच आहे. तो १.८ म्हणजे अठराशे मायक्रोग्रॅम, मर्यादेला जेमतेम टेकायचा राहिलेला.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपवरचा. ‘अमेरिकेत नायट्रोजन डायऑक्साइडला १०० चालतो, आपल्याकडे ८०, तरी आपल्याला घाण म्हणतात.’ अमेरिकेचे १०० पीपीबी (अब्जात किती रेणू) आहेत, एका तासाचे. आपले ८० मायक्रोग्रॅम आहेत, चोवीस तासांचे, म्हणजे साडेबेचाळीस पीपीबी. ही तुलनाच होत नाही. वार्षिक मानक लावून बघायचं तर आपले ४० मायक्रोग्रॅम म्हणजे २१ पीपीबी, अमेरिकेचे ५३. कागदावर आपण खरंच कडक आहोत; पाठवणाऱ्याला स्वतःच्या बाजूचा खरा मुद्दाही सापडला नव्हता. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य वर्षाला १० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा फुशारकी मारायला जागा दोघांनाही नाही.

यातलं खरं दुखणं आहे ते ‘किती वेळाचा आकडा’ या रकान्यात. औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल : रात्री उग्र वास आला, डोळे चुरचुरले, पोरांना खोकला लागला, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ‘हवेतील वायूचे प्रमाण मर्यादेत होते’. वाक्य खोटं असतंच असं नाही. गणित करून दाखवते. समजा, मध्यरात्री एक तासभर तुमच्या खिडकीशी सल्फर डायऑक्साइड ०.७ पीपीएम होता आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास हवा अगदी स्वच्छ. ०.७ पीपीएम म्हणजे घनमीटरला १८०० हून जास्त मायक्रोग्रॅम. चोवीस तासांवर पसरले की सरासरी येते ७६. मर्यादा ८०. बसलं मर्यादेत. अमेरिकेचं एका तासाचं मानक आहे ७५ पीपीबी, आपल्या खिडकीशी होते ७००. दम्याच्या माणसाला त्रास व्हायला तासही लागत नाही, काही मिनिटं पुरतात. आणि आपल्या २००९ च्या तक्त्यात सल्फर डायऑक्साइडला एका तासाचं मानकच नाही. वर्षाचं आहे आणि चोवीस तासांचं आहे. एका तासाचं ओझोनला आहे, कार्बन मोनॉक्साइडला आहे. सल्फर डायऑक्साइडला नाही, अमोनियालाही नाही. जे वायू कारखान्यातून अवचित सुटतात, नेमक्या त्यांनाच आपण दिवसभराच्या सरासरीत विरघळायची सवलत दिली आहे.

वसाहतीत राहणारी माणसं खोटं बोलत नव्हती आणि अधिकारीही. दोघं वेगवेगळ्या एककांत बोलत होते, आणि कोणतं एकक वापरायचं हे ठरवणारा त्या रात्री तिथे झोपलेला नव्हता.

चिमणीचा आकडा तर याहून बेरकी. मोठ्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर हिरव्या-लाल अक्षरांचा फलक असतो. वायूचं नाव, आकडा, ‘एमजी/एनएम३’. त्यातला ‘एन’ म्हणजे नॉर्मल, ठरावीक तापमान-दाबाला आणलेला घनमीटर. युरोपात नॉर्मल म्हणजे शून्य अंश, आपल्या नियमांत पंचवीस. बाहेरून आणलेलं यंत्र कुणी तसंच सेट ठेवलं, तर नऊ टक्क्यांचा फरक घरबसल्या. दुसरं म्हणजे, चिमणीत बाहेरची हवा जितकी शिरू द्याल तितका आकडा उतरतो. म्हणून ऑक्सिजनची दुरुस्ती असते. कोळशाच्या वीजकेंद्रांना ती सहा टक्के ऑक्सिजन धरून करायची. यंत्राने ३०० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड दाखवला आणि सोबत ऑक्सिजन साडेतेरा टक्के असला, तर एकवीसमधून सहा गेले पंधरा, एकवीसमधून साडेतेरा गेले साडेसात. पंधरा भागिले साडेसात, म्हणजे दुप्पट. खरा आकडा ६००. फलकावर ऑक्सिजन लिहिलेला नसेल, तर वरच्या ३०० ला काही अर्थ नाही. मी जाता-येता हे फलक वाचते (सवयच आहे), आणि ऑक्सिजन शेजारी लिहिलेला क्वचित दिसतो.

तुमच्या गाडीच्या कप्प्यातही असा एक कागद आहे. पीयूसी. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल मोटारीसाठी त्यावर या दोन मर्यादाही असतात : कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. वाचणाऱ्याच्या मनात २०० मोठा आणि ०.३ किरकोळ. ०.३ टक्के म्हणजे ३००० पीपीएम, शेजारच्या दोनशेच्या पंधरापट. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून एसी लावून बसणाऱ्यांनी हा कागद एकदा पीपीएममध्ये वाचावा. कारखाने कायद्यात कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम होती.

हे बोलायला लागलं की एक उत्तर ठरलेलं. सरकारी बैठकीत मिळतं, कारखान्याच्या सेफ्टी सप्ताहात मिळतं : ‘मॅडम, सामान्य माणसाला पीपीएम कळत नाही, उगाच घबराट होते.’ माझी आई चौथी शिकलेली. तिला उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतर दोन तासांची साखर यांतला फरक कळतो, कुठली किती हवी हेही पाठ आहे. लॅबने नुसतं ‘साखर मर्यादेत’ असं लिहून दिलं तर ती रिपोर्ट परत पाठवील. किती, कशात आणि कधीची, हे तिला कुणी विज्ञान म्हणून शिकवलं नाही. रिपोर्टवर ते छापलेलं होतं म्हणून ती शिकली. घबराट आकड्याने होते असं मला आजवर दिसलेलं नाही. रात्री वास येतो आणि सकाळी ‘मर्यादेत’ असं ऐकू येतं, तेव्हा ती होते.

तेव्हा माझं मागणं लहान आहे. कामगार आणि औद्योगिक सुरक्षेच्या कार्यालयांनी माणूस उतरवण्याच्या परमिटचा एकच छापील नमुना द्यावा, मराठीत. विषारी वायूंच्या ओळीत ‘पीपीएम’ आधीच छापलेलं, ते बदलायची मुभा कुणाला नाही. स्फोटक वायूच्या ओळीत एलईएल आणि घनफळाचा टक्का दोन्ही. फाटकावरच्या फलकावर आकड्याशेजारी ऑक्सिजन, तापमानाचा आधार आणि सरासरीचा काळ. गळतीनंतर कुठलाही अधिकारी ‘मर्यादेत’ म्हणाला, तर त्याच वाक्यात सर्वांत वाईट पंधरा मिनिटांचा आकडा पीपीएममध्ये, तो कुठे मोजला त्या जागेसह. हवा मोजणाऱ्या ज्या स्टेशनांवर यंत्रं आहेत, तिथे हा आकडा त्यांच्या पोटात असतोच. यंत्र दर काही मिनिटांनी नोंद करतं, सरासरी नंतर काढली जाते. फक्त तो बाहेर काढायचा आहे. आणि सल्फर डायऑक्साइड, अमोनियाला एका तासाचं मानक. हे दिल्लीचं काम, वेळ लागेल, पण महाराष्ट्राने मागायला तर सुरुवात करावी. एवढ्या रासायनिक वसाहती ज्या राज्यात आहेत, त्यानेच मागायचं नाही तर कुणी?

यात खर्चाचं काही नाही. पीपीएम आणि मिलिग्रॅम हे दोन्ही रकाने कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेजारी शेजारी छापलेले होते, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून. मिथाइल आयसोसायनेटही त्यात होतं : ०.०२ पीपीएम, ०.०५ मिलिग्रॅम. ज्यांनी तो तक्ता बनवला त्यांना दोन्ही लिहायची गरज कळली होती. आमच्या वर्कशॉपमध्ये लाल पट्टीचा एक रोल आहे, मराठी अक्षरं छापून घेतलेला. ज्या कंत्राटदाराला हवी असेल त्याने मीटर पाठवताना सांगावं, पट्टीचे पैसे आम्ही लावत नाही.